उत्तम मास्टर आणि गावाचे गुडघे

आमच्या गावात लहान लेकरू समोर आलं की कुणी त्याला नाव विचारतं, कुणी कितवीत आहेस विचारतं. माझा दादा म्हणतो, "गुडघे दाखव."

आता लेकरांनाही सवय झाली आहे. ती निमूट उभी राहतात आणि दादा कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन खाली वाकतो. एखादी खपली, निदान जुन्या खरचटण्याची पांढुरकी खूण दिसली की त्याचा चेहरा खुलतो. "शाब्बास रे वाघा!" म्हणून शिलाई मशीनच्या खणातून एक लिमलेटची गोळी निघते. गुडघे गुळगुळीत निघाले तर मात्र तो लेकराला काही बोलत नाही. लेकराच्या आईकडे बघतो आणि म्हणतो, "लेकरू गोड हाय बाई. पण पळालं कवा?"

"पण पळालं कवा?" हे त्याचं पालुपद. कुठलंही बोलणं तो शेवटी तिथंच आणून बांधतो. मागं गावातला एक मुलगा कसल्याशा परीक्षेत तालुक्यात पहिला आला. घरच्यांनी हार घातला, पेढे वाटले. दादाही गेला, पेढा खाल्ला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भरल्या ओसरीत त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "मार्कं बराबर हायेत," तो पोराच्या वडलांना म्हणाला, "त्यात बिलकुल तक्रार न्हाई. पण पळालं कवा?" त्या घरानं पुढच्या दिवाळीचे कपडे रेडिमेड आणले.

दादाचं नाव उत्तम. वडीगोद्रीच्या फाट्यावरून आत वळलं की कापसाची आणि सोयाबीनची रानं मागं टाकत आमचं गाव येतं. गावात शिरताना उजव्या हाताला शाळा आणि डाव्या हाताला दादाचं शिलाईचं दुकान. कपडे शिवणाऱ्याला आमच्याकडे मास्टर म्हणतात, म्हणून सगळं गाव त्याला उत्तम मास्टर म्हणतं. मी त्याची धाकटी बहीण सुजाता. समोरच्या त्याच शाळेत शिकवते. म्हणजे माझा वर्ग आणि दादाचं मशीन यांच्यामध्ये फक्त रस्ता आणि शाळेचं मैदान. ही सोय आहे की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुकानात मी "सुजे" असते. रस्ता ओलांडून तो शाळेत आला की मी "मॅडम" होते आणि तो मला अहो-जाहो करतो. "मॅडम, तुमच्या शाळेत लेकरांना उन्हाचं वावडं हाय का?" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारतो. हेडसरांची पाठ वळली की हळूच म्हणतो, "डबा खाल्ला का गं?"

दिसायला काडीसारखा. गळ्यात मापाची टेप. ती लग्नातही असते आणि पौर्णिमेला विहारात वंदनेला बसतो तेव्हाही असते. आणि उभं राहण्याची तऱ्हा तर विचारूच नका. डावी कंबर बाहेर काढलेली, डावा हात कोपरात वाकवलेला, सगळं अंग उजवीकडे झुकलेलं. कडेवरची घागर कुणी काढून नेली आणि ह्याला सांगायचंच विसरलं, असं वाटतं. मशीनवर बसून बसून कंबर वाकडी झाली, असं गावाचं निदान होतं आणि माझंही तेच. मैत्रीच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, वाढदिवसाला फोटोवाल्यानं त्याला तीन वेळा धरून सरळ केलं. बटण दाबेपर्यंत हा पुन्हा तसाच. स्वतःच्या पायजम्याचा डावा पाय तो जरा लांब शिवतो, म्हणजे उभं राहिल्यावर दोन्ही सारखे दिसतात.

गुडघ्यांचं खूळ त्याला पहिल्यापासून नव्हतं. झालं असं, की आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत पळापळी चालली असताना आरोही नावाची मुलगी पडली आणि तिचा हात मोडला. आरोही ही अंकुशरावांची नात. अंकुशराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, दादाचे वर्गमित्र, आणि शाळेच्या समितीत त्यांचा शब्द चालतो. नातीचं प्लास्टर बघून त्यांनी हेडसरांचं टेबल दणादणा वाजवलं. "लेकरू शाळेत शिकायला धाडलंय, हात मोडून घ्यायला न्हाई!" हेडसर मुळात घाबरट माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मैदानच बंद करून टाकलं.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत मुलांनी खिचडी खायची, हात धुवायचे आणि वर्गात टीव्हीवर बोधकथा बघत बसायचं. भिंतीवर सुबक अक्षरांत रंगवून घेतलं, 'शांत सुट्टी, सुरक्षित सुट्टी'. आया खूश झाल्या, कारण कपडे मळेनात. शिक्षकांचे घसे वाचले. दुसऱ्या शाळांचे गुरुजी हा उपक्रम बघायला येऊ लागले. मैदानात आधी गाजरगवत आलं आणि मग कुणाच्या तरी शेळ्या आल्या.

रस्त्यापलीकडे दादाला करमेना. मशीन चालवायला त्याला पोरांचा गलका लागायचा. "रेडिओ बंद पडल्यावानी झालंय," असं म्हणायचा. पण तेव्हा त्यानं काही केलं नाही. तो पेटला मैत्रीमुळं.

दादाचं लग्न उशिरा झालं आणि मैत्री त्याहून उशिरा. त्यामुळे केस पांढरे झालेला हा बाप तिसरीतल्या मुलीचा पालक आहे. एका रविवारी मी त्याच्या घरी गेले होते. मैत्री मोबाइल घेऊन बसली होती. दादानं तो काढून घेतला आणि म्हणाला, "जा, अंगणात खेळ जरा." ती गेली. अंगणाच्या मधोमध उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग परत दारात आली आणि अगदी मनापासून तिनं विचारलं, "पप्पा, खेळायचं म्हंजे काय करायचं?"

दादानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मला वाटलं, रागानं शब्द फुटेना. शेवटी मीच उठले आणि विटकरीच्या तुकड्यानं अंगणात ठिक्करची घरं आखून तिला लंगडी घालून दाखवली. दादा उंबऱ्यावर उभा राहून सगळं बघत होता. इतकं लक्ष देऊन, जणू उद्या त्याचीच परीक्षा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हेडसरांच्या खोलीत हजर. हातात पुरावा म्हणून गणवेशाची एक चड्डी.

"सर, वर्ष झालं ही शिवून. बूड बघा. कुठं विरलंय? पहिले दर आठवड्याला माझ्याकडं फाटक्या चड्ड्यांचा ढीग पडायचा. आता एक येईना. लेकरं पळून न्हाई राह्यली, नुस्ती बसून राह्यलीत."

हेडसर घाबरट असले तरी बिनडोक नाहीत. त्यांनी चड्डी उलटी करून पाहिली. "मास्टर, हे बुडाला आतून डबल कापड कुणी लावलं?"

"मीच लावलं."

"कशासाठी?"

"फाटू नाही म्हणून."

"मग फाटणार कशी?"

आयांची बोलणी बसू नयेत म्हणून गेल्या खेपेपासून तो प्रत्येक चड्डीला आतून दुहेरी कापड लावू लागला होता. स्वतःच्या शिलाईनंच त्याला तोंडघशी पाडलं. चड्डीची घडी घालून तो रस्ता ओलांडून गेला. दिवसभर मशीनचा आवाज आला नाही. संध्याकाळी मी घरी निघाले तर मला थांबवून म्हणाला, "कपडा खोटं बोलू शकतो सुजे. कातडं न्हाई बोलत." आणि तिथून गुडघेतपासणी सुरू झाली.

लेकरांवर थांबला असता तर ठीक होतं. पण पँटचं माप घेता घेता तो मोठ्यांनाही विचारू लागला, "गुडघ्याला खूण हाय का काही?" गंमत म्हणजे कुणी चिडायचं नाही. भले भले लोक हौसेनं पाय पुढे करायचे आणि कोण कुठल्या विहिरीच्या काठावर घसरलं, कोण बैलगाडीतून पडलं, याची गोष्ट सांगत बसायचे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या पँटची शिवण जीपमधून उतरताना उसवली. हेडसरांनी घाईघाईनं त्यांना दादाकडे आणलं. साहेब लुंगी गुंडाळून स्टुलावर बसले आणि दादानं टाके घालता घालता नेहमीचा प्रश्न विचारला. साहेबांनी पाय लांब केला आणि मामाच्या गावचं चिंचेचं झाड, त्यावरचं माकड आणि आपण, अशी लांबलचक हकिकत सांगितली. शिवण झाली तरी साहेब उठेनात. हेडसर बाहेर घड्याळ बघत उभे.

"सायेब," दादा शेवटी म्हणाला, "आमच्या शाळेत असते तर तुम्हाला ही खूण मिळाली नसती. आमच्याकडं शांत सुट्टी हाय."

साहेब खळखळून हसले, पँट चढवली आणि शाळेत जाऊन शांत सुट्टीचं तोंडभर कौतुक करून गेले.

असे गावाचे बहुतेक गुडघे दादानं पाहून घेतले. त्याचे स्वतःचे गुडघे कसे आहेत, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. तो कायम पायजम्यात असतो.

पण गाव ते गाव. चौकात चहाच्या टपरीवर अंकुशराव म्हणाले, "टेलरला फाटक्या चड्ड्या पाहिजेत. धंदा बसलाय त्याचा, दुसरं काय!" हे दादाच्या कानावर आलं आणि त्याला फार लागलं. तो भांडला नाही. त्यानं एक पाटी रंगवून आणली आणि दुकानावर लटकवली: 'खेळून फाटलेले कपडे फुकट शिवून मिळतील'.

दुसऱ्या दिवसापासून रांग. सगळ्यात आधी एक आबा धोतर घेऊन आले. "खेळता खेळता फाटलं."

"काय खेळत होते आबा?"

"पत्ते."

दादानं शिवून दिलं. मग कुणी सतरंजी आणली, कुणी सुनेचा परकर. एकानं तर सोयाबीनचं पोतं आणलं, पोरं यावर नाचली म्हणून. दादानं भोक उजेडात धरून बघितलं. "हे नाचून न्हाई फाटलं. हे उंदरानं फाडलंय. पण ठीक हाय, उंदरानं तरी पळापळ केली." आणि तेही शिवून दिलं. लेकराचा कपडा मात्र एकही आला नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना तो पाटीवरची धूळ पुसायचा, समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघायचा आणि शटर ओढायचा. मी वर्गाला कुलूप लावताना हे रोज बघायचे. मला त्याची फार कीव यायची आणि रागही यायचा. एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, असं वाटायचं.

दिवाळीनंतर पालकसभा भरली. दादानं हेडसरांकडून बोलायची परवानगी काढली होती. उभा राहिला, अर्थात वाकडाच. गळ्यातल्या टेपशी चाळा करत म्हणाला, "माझी लेक तिसरीत हाय. तिला पाढे येतात, इंग्रजी कविता येती. पण खेळायचं कसं, ते येत न्हाई. मला दुसरं काही नको. जेवल्यावर लेकरांना बाहेर सोडा. थोडं पळू द्या."

सभेत जरा चुळबुळ झाली. मग मागून मंदावहिनी उठल्या. मंदावहिनींची तीन मुलं आमच्या शाळेत आहेत आणि त्यांचं तोंड कुणाच्या बापाला भीत नाही.

"मास्टर, तुमचं बराबर हाय. पण टँकर येतो कवा, ते तुम्हाला म्हाईत हाय ना? प्यायला पाणी पुरंना. हे मळलेले शर्ट धू कशानं? तुमच्या भाषणानं?"

सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं, आता हा "पण पळालं कवा" म्हणणार. पण तो म्हणाला नाही. तो मंदावहिनींच्या मुलाकडे बघत राहिला, त्याच्या खांद्याकडे, छातीकडे, गिऱ्हाइकाचं माप नजरेनं घेतात तसं. आणि सभेचा चहा न घेताच निघून गेला.

त्यानंतर दुकानात एकच गोंधळ. नवरीचे ब्लाउज पडून राहिले, नवरदेवाचा कोट अर्धा राहिला, लोक शिव्या घालून गेले. दादा मात्र मान खाली घालून मशीन पळवत होता. काय शिवतोस विचारलं तर म्हणायचा, "कळंल." वहिनी मला म्हणाल्या, "तुमच्या भावाला जरा सांगा, घरात खर्चाला काही लागतं." मी सांगून पाहिलं. त्यानं मला सुईत दोरा ओवायला बसवलं.

मग एका सकाळी तो डोक्यावर गाठोडं घेऊन शाळेत आला आणि व्हरांड्यात त्यानं ते सोडलं. आत सदरे होते. ढगळ, बिनबटणांचे, गणवेशावरून नुसते डोक्यातून घालायचे. सगळे दुकानातल्या चिंध्यांचे. एका सदऱ्यात नवरदेवाच्या कोटाचा तुकडा, जयंतीच्या निळ्या कापडाचा पट्टा, कुणाच्या सलवारीची फुलं, आणि खिसा गादीच्या खोळीचा. सगळं गाव चिंधी चिंधीनं तिथं जोडून ठेवलं होतं.

"हे खेळायचे सदरे," दादानं जमलेल्या आयांना सांगितलं. "शाळेतच राहतील. सुट्टी झाली की अंगात, सुट्टी संपली की खुंटीला. आतला शर्ट जशास तसा. अन् हे धुवायचे न्हाईत. झटकायचे."

मंदावहिनींनी एक सदरा हातात घेतला, शिवण दोन्हीकडून ओढून पाहिली. "झटकायला काही पाणी लागत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि बायकांचा प्रश्न तिथं मिटला.

राहिले अंकुशराव. ते खांबाला टेकून सगळं ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "अन् पुन्हा हात मोडला तर?"

मला वाटलं, दादा आता काहीतरी तिरकस बोलेल. तो खाली बसून सदऱ्यांच्या घड्या घालत होता. घडी घालता घालताच म्हणाला, "मोडंल. एखाद्याचा मोडंलही, अंकुश. मी न्हाई म्हणत न्हाई. पण मी रोज सुट्टीला दुकान सोडून मैदानावर उभा राहीन. पडलं तर उचलीन. लेकरू उचलायची मला सवय हाय."

अंकुशराव त्याच्याकडे बघत राहिले. मग का कोण जाणे, त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि घसा खाकरून म्हणाले, "बरं."

त्यांनी "बरं" म्हटल्यावर हेडसरांची काय बिशाद? आई-बापांनी मिळून मैदानातलं गाजरगवत उपटलं, दगड वेचले, शेळ्या हाकलल्या. सोमवारी खिचडी झाल्यावर मुलं व्हरांड्यात रांगेनं उभी राहिली आणि एकेकाच्या डोक्यातून सदरा खाली उतरला. "ही बाही माझ्या आजीच्या झंपराची!" "हा माझ्या काकाच्या लग्नाचा!" असा कालवा सुरू झाला. आरोही मागं मागं राहत होती. अंकुशराव स्वतः पुढे झाले, नातीच्या डोक्यातून सदरा घातला आणि तिला हलकेच पुढे ढकललं. हेडसर पायरीवर मलमपट्टीची पेटी पोटाशी धरून उभे होते.

पहिले काही क्षण कुणीच पळालं नाही. सगळी मैदानात जाऊन नुसती उभी राहिली, मैत्री त्या रविवारी अंगणात उभी होती तशी. मग दादानं कडेच्या कडुलिंबाखालून चिंध्यांचा एक चेंडू फेकला आणि ओरडला, "चपटी दगडं घ्या! एकावर एक रचा! लगोरी!" आणि बांध फुटला. धूळ उठली, आरडाओरडा उठला. दादा कडेला उभा राहून एकेक नियम सांगत होता. कुणी कुठं उभं राहायचं, चेंडू कुठं लागला तर बाद, कुठं लागला तर नाही. त्याला सगळं तोंडपाठ होतं.

मला हसू आलं. शेजारी अंकुशराव उभे होते. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या वेळी दादा लगोरीत पक्का असेल ना? बघा की, किती बारकावे ठाऊक आहेत त्याला."

"उत्तम?" ते म्हणाले. "उत्तम कवा खेळलाच न्हाई, मॅडम."

मी त्यांच्याकडे वळले.

"आम्ही खेळायचो. तो तिथंच, त्याच लिंबाखाली उभा राहून बघायचा. खेळताना सदरा फाटला की घरी मार बसायचा, मंग आम्ही सदरे काढून त्याच्या उजव्या खांद्यावर टाकायचो. आन् डाव्या कडंवर तुम्ही."

"मी?"

"मंग? तुमचे आई-बाप मजुरीला गेल्ते की तुम्ही दिवसभर त्याच्याकडंच. वर्गात पण तुम्हाला मांडीवर घेऊन बसायचा. लई रडक्या होत्या तुम्ही. खाली ठेवलं की भोकाड. आम्ही म्हणायचो, उत्तम, ठेव तिला खाली, ये एक डाव. तर म्हणायचा, 'नको, माती खाती ती.'" अंकुशराव हसले, आणि मग त्यांना ते हसू आवरतं घ्यावंसं वाटलं. "तुम्ही कडंवरून उतरला तवर आम्ही वरच्या शाळेत गेलो. त्यानं तर शाळा सोडून मशीनच धरलं."

मी दादाकडे पाहिलं. लिंबाखाली तो उभा होता. डावी कंबर बाहेर, डावा हात कोपरात वाकलेला. त्या हाताच्या वळणात काही नव्हतं. इतकी वर्षं मी त्या उभं राहण्याला हसत आले होते, मुलांना नक्कल करून दाखवत आले होते. ती मशीनची वाकडी कंबर नव्हतीच. ती माझी जागा होती. मला एकदम रडू आलं, अगदी शाळेच्या वेळात, मुलांच्या देखत.

तशीच मी मैदानाच्या कडेनं त्याच्यापर्यंत गेले.

"दादा, मी उतरले आता. जा."

"काय म्हन्ता मॅडम?"

"कडेवरून उतरले. माती नाही खात. तू जा, खेळ."

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग पलीकडे उभ्या असलेल्या अंकुशरावांकडे. सगळं त्याच्या लक्षात आलं. तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "मला येत न्हाई गं सुजे," तो हळू आवाजात म्हणाला. शाळेच्या आवारात त्यानं मला पहिल्यांदाच सुजे म्हटलं. "नुसतं बघून म्हाईत हाय. खेळायला येत न्हाई."

तोवर मैत्री धावत आली होती. धापा टाकत होती, केस सुटले होते, कपाळावर धूळ. तिनं बापाचा हात धरला. "पप्पा, चला ना! तुम्ही आमच्यात. तुम्ही कच्चा लिंबू!"

खेळ न येणाऱ्या लहानग्याला मुलं अशीच खेळायला घेतात. तो कच्चा लिंबू. त्यानं कितीही चुका केल्या तरी तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला फक्त सगळ्यांबरोबर पळायला मिळतं. पन्नाशी उलटलेला कच्चा लिंबू आमच्या गावानं याआधी पाहिला नसेल.

दादानं गळ्यातली टेप काढली. चष्मा काढला. चपला काढल्या. सगळं माझ्याकडे दिलं. "ध्यान ठेव," म्हणाला, आणि गेला.

पळणं म्हणावं असं ते पळणं नव्हतं. एका अंगानं झुकलेला तो मुलांच्या मागून नुसता धडपडत होता. चेंडू कुठं आहे हे त्याला दिसत नव्हतं, कारण चष्मा माझ्याकडे होता. मुलं ओरडत होती, "मास्टरमामा, इकडं! इकडं!" तो वळला आणि लांब शिवलेल्या डाव्या पायजम्यात त्याचा पाय अडकला. मैदानाच्या मधोमध तो आडवा झाला. सगळा गलका एकदम थांबला. हेडसरांनी पेटी उघडली. अंकुशराव दोन पावलं पुढे धावले.

दादा उठून बसला. पायजमा फाटला होता. त्यानं तो हळूच गुडघ्यापर्यंत वर केला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्याचा गुडघा बघत होते. त्यावर एकही जुनी खूण नव्हती. आणि मधोमध नवं, लालभडक खरचटलं होतं.

"सुजे!" तो तिथूनच ओरडला. त्याच्या तोंडावर असा आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "सुजे, गुडघा बघ!"

मी लिंबाखाली उभी होते. खांद्यावर त्याची टेप, एका हातात चष्मा, दुसऱ्यात चपला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. म्हणून तशीच, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "शाब्बास रे वाघा!"